कानावरच्या बिया आणि घरातले ताट : मुलांच्या लठ्ठपणावरील औषधाविना उपचारांचा इतिहास

अलीकडे पालकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. "डॉक्टर, वजन कमी करायला कानावर चिकटवायच्या चिनी बिया ऑनलाइन मिळतात. आमच्या मुलाला लावू का? औषध तर नाही, मग अपाय कसला?" प्रश्न रास्त आहे. वाढत्या वयाच्या मुलाला वजनासाठी गोळ्या नकोत असे वाटणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक मुलांना त्या लागतही नाहीत. पण औषध नको म्हटल्यावर त्याऐवजी काय, हे ठरवावे लागते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्याची वेगवेगळी उत्तरे दिली गेली. काही टिकली, काही अंगाशी आली. ती गोष्ट आज जरा सविस्तर पाहू, कारण बियांचे उत्तरही तिच्यातच आहे.

जुन्या चीनमधले वैद्य काय म्हणत होते

चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ 'ह्वांगदी नेइजिंग' सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झाला. लठ्ठपणाबद्दल त्यात जे आहे ते आश्चर्य वाटावे इतके नेमके आहे. सतत तहान लागणाऱ्या, आजच्या मधुमेहाची आठवण करून देणाऱ्या एका आजाराचे वर्णन करताना हा ग्रंथ सांगतो की असा रोगी बहुधा वारंवार गोडधोड आणि तुपकट खाणारा असतो. दुसऱ्या एका ठिकाणी श्रीमंतांच्या लठ्ठपणाचा संबंध त्यांच्या ताटातल्या पक्वान्नांशी जोडला आहे. स्थूल माणसांचे तीन प्रकारही केले आहेत आणि त्यातला एक पोट सुटून ओघळलेल्या माणसांचा आहे. आज आम्ही वजनाबरोबर कंबरेचा घेर का मोजतो, हे त्या लेखकांना वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

पुढे चौदाव्या शतकातल्या चू तान्शी या वैद्याने स्थूल माणसांच्या शरीरात 'ओलावा' आणि 'कफ' साठतो, असा विचार मांडला. त्याचे मूळ 'प्लीहे'च्या दुर्बलतेत आहे, असे चिनी वैद्यक मानते. ही प्लीहा म्हणजे आपण सोनोग्राफीत बघतो तो अवयव नव्हे. अन्न पचवून त्याचा सारांश शरीरभर पोचवणाऱ्या शक्तीला त्यांनी ते नाव दिले आहे. आपल्याकडच्या अग्निमांद्याच्या कल्पनेच्या ती बरीच जवळ जाते.

मुलांच्या बाबतीत अकराव्या-बाराव्या शतकातले च्येन यी आणि सोळाव्या शतकातले वान छ्वान ही दोन मोठी नावे. मुलाची पचनशक्ती मुळात नाजूक असते, तिच्यावर भार टाकू नये, असे वान छ्वान यांचे म्हणणे. मूल किंचित भुकेले आणि किंचित गारव्यात राहिले तर ते निरोगी राहते, अशा अर्थाची एक म्हण चिनी घरांमध्ये शतकानुशतके चालत आली आहे. मुलाच्या मागे वाटी घेऊन धावणाऱ्या आपल्या घरांमध्ये ती कुणी ऐकून घेईल असे वाटत नाही!

पण हेही लक्षात घ्यायला हवे की या वैद्यांसमोर लठ्ठ मुलांची रांग नव्हती. त्यांच्यासमोर जुलाब, आकडी, ताप आणि उपासमार यांनी खंगलेली मुले होती. मुलांसाठीच्या मर्दनाचा, म्हणजे 'तुइना'चा, आज उपलब्ध असलेला सर्वात जुना मजकूर १६०१ साली छापलेल्या 'चेनच्यू ताछंग' या सूचिवैद्यकाच्या ग्रंथाला जोडलेला आहे. त्यातले उपचार याच आजारांसाठी आहेत. पाठीच्या कण्यालगतची कातडी चिमटीत धरून वर सरकवत नेण्याची एक पद्धत तर खास प्रसिद्ध आहे. पिढ्यान्पिढ्या ती न जेवणाऱ्या, पोट फुगलेल्या, हातपाय काड्या झालेल्या मुलांवर केली जाई. भूक वाढावी हा तिचा उद्देश! आज चीनमध्ये तीच पद्धत लठ्ठ मुलांवरही वापरतात. तिथल्या वैद्यांना यात विसंगती वाटत नाही, कारण त्यांच्या मते खंगणे आणि फुगणे या दोन्हींचे मूळ त्या एकाच दुर्बल प्लीहेत आहे. शास्त्र म्हणून हे स्पष्टीकरण पटो वा न पटो, 'मुलांच्या लठ्ठपणावरचा हजारो वर्षांचा उपचार' अशी जाहिरात मात्र इतिहासाला धरून नाही.

कानाचा नकाशा कुठून आला

बियांची गोष्ट याहून गमतीची आहे. कानावरून अनेक वाहिन्या जातात, असे जुन्या चिनी ग्रंथांत आहे आणि कानाच्या काही जागांवर उपचार केल्याचे उल्लेखही सापडतात. पण संपूर्ण कानावर शरीराचा नकाशा काढून 'हा जठराचा बिंदू, हा भुकेचा' असे दाखवणारे जे चित्र आज बियांच्या पाकिटावर असते, त्याचे मूळ फ्रान्समधल्या ल्यों शहरात आहे.

तिथल्या पॉल नोझिए या डॉक्टरांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला काही रुग्णांच्या कानावर डाग दिल्याच्या खुणा पाहिल्या. कंबरेतून पायात जाणारी कळ, म्हणजे सायटिका, थांबवण्यासाठी मार्सेयच्या एका बाईंनी ते डाग दिले होते. नोझिए यांनी त्यावर विचार करून कान म्हणजे आईच्या पोटात उलटे असलेले बाळ, अशी कल्पना केली. पाळी म्हणजे डोके, वरची कड म्हणजे पाय. हा नकाशा त्यांनी १९५६-५७ मध्ये मांडला आणि १९५८ मध्ये तो चिनी नियतकालिकात छापून आला. नानजिंगमधल्या लष्करी वैद्यकीय पथकाने तो हजारो लोकांवर तपासून पाहिला आणि त्यात आपल्या पद्धतीने भर घातली. खेडोपाडी स्वस्तात उपचार पोचवण्याची त्या काळच्या चीनला निकड होती आणि कानावर टोचणे किंवा दाबणे याला जवळजवळ काहीच खर्च नव्हता. पुढे सुईऐवजी एका रोपाची मोहरीसारखी गोल, कडक बी चिकटपट्टीने कानावर लावून दिवसातून काही वेळा दाबायची पद्धत रूढ झाली. १९७०च्या दशकात अमेरिकेत वजन कमी करण्यासाठी कानात चक्क स्टेपल मारून घेण्याची टूम निघाली होती. म्हणजे 'प्राचीन चिनी' म्हणून विकली जाणारी ही गोष्ट वयाने आपल्या आजी-आजोबांपेक्षा लहान आहे.

एखादा उपचार नवा आहे म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. जुना आहे म्हणून गुणकारीही ठरत नाही. तो तपासावा लागतो. त्या तपासण्यांकडे पुढे वळू.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

'चिनी आहे, वनस्पतीचे आहे, म्हणजे औषध नव्हे' असा समज असणाऱ्यांनी ब्रुसेल्समध्ये घडलेला प्रकार माहीत करून घ्यावा. तिथल्या वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात १९९० पासून कॅप्सूलमध्ये दोन चिनी वनस्पती घालायला सुरुवात झाली. १९९२ मध्ये मूत्रपिंडे निकामी झालेल्या तरुण स्त्रिया तिथल्या रुग्णालयात दिसू लागल्या. त्यांच्यात समान धागा एकच होता, त्या कॅप्सूल. 'हान फांगजी' या वनस्पतीऐवजी नावाने जवळची 'ग्वांग फांगजी' त्यात गेली होती आणि दुसरीत अॅरिस्टोलोकिक आम्ल नावाचे विष असते. सुमारे शंभर स्त्रियांना बाधा झाली. त्यातल्या अनेकींना डायलिसिस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपण करावे लागले आणि पुढे काहींच्या मूत्रमार्गात कर्करोगही आढळला.

त्या सगळ्या प्रौढ होत्या. वजन कमी करणाऱ्या 'हर्बल' चहात आणि गोळ्यांत सिबुट्रामिन हे हृदयाला घातक म्हणून बाजारातून काढून घेतलेले औषध गुपचूप मिसळल्याचेही अनेक देशांत उघडकीस आले आहे. म्हणून मुलांच्या बाबतीत माझे म्हणणे स्पष्ट आहे. पोटात जाणारी कोणतीही गोष्ट, मग ती काढा असो, चहा असो वा पावडर, औषधच समजायची आणि विचारल्याशिवाय द्यायची नाही.

ग्रंथींकडून घराकडे

आता पश्चिमेकडे वळू. १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या आल्फ्रेड फ्र्योलिख यांनी पियुषिका ग्रंथीजवळ गाठ असलेल्या एका १४ वर्षांच्या लठ्ठ मुलाची नोंद प्रसिद्ध केली. आजार दुर्मीळ होता, पण नाव सोपे होते. पुढची काही दशके कुठलाही गुबगुबीत मुलगा दिसला की त्याला 'फ्र्योलिखचा आजार' म्हणून मोकळे व्हायचे आणि थायरॉइड ग्रंथीचा अर्क द्यायचा, असा परिपाठ पडला. पालकांनाही ते सोयीचे होते. दोष ग्रंथीचा, म्हणजे घरात काही बदलायला नको.

हा समज मोडून काढला हिल्डे ब्रुख यांनी. या ज्यू डॉक्टर १९३३ मध्ये जर्मनी सोडून आधी इंग्लंडला आणि तिथून न्यूयॉर्कला गेल्या. १९३७ पासून तिथल्या बालरुग्णालयात त्यांनी लठ्ठ मुलांचा अभ्यास केला. त्यांनी आधी मुले नीट मोजली. ग्रंथी बिघडलेले मूल वाढीत मागे पडायला हवे होते. ही मुले बहुतेक वयाच्या मानाने उंच निघाली आणि वयातही वेळेवर किंवा थोडी लवकरच येत होती. मग ब्रुख आणि त्यांच्या सहकारी समाजसेविका या मुलांच्या घरी गेल्या.

घरी जे दिसले ते १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. बरीच कुटुंबे युरोपातून आलेली, गरिबी पाहिलेली होती. अनेक आयांनी स्वतःच्या लहानपणी भूक सोसली होती. मुलाला भरपूर खाऊ घालणे हीच त्यांची मायेची आणि सुरक्षिततेची भाषा होती. पडेल, लागेल म्हणून मुलाला बाहेर खेळायला सोडत नसत. मोठ्या मुलांनाही हाताने कपडे घालत, भरवत. ब्रुख यांचे हे निरीक्षण फार मोलाचे आहे. मात्र त्यांच्या लिखाणात सगळा भार आईवर पडतो, ते मला खटकते. वडील कुठे होते, घर किती खोल्यांचे होते, खाली खेळायला जागा होती का, हे प्रश्न मागे राहतात. लठ्ठ मुलाच्या आईला आजही नातेवाईक जी दूषणे देतात, त्यांना त्या काळात वैद्यकाचे पाठबळ मिळाले.

यातून पुढचे पाऊल टाकले ते पिट्सबर्गच्या लेनर्ड एपस्टीन यांनी. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वाहतुकीच्या सिग्नलवरून आहाराची पद्धत बसवली. हिरवे पदार्थ मोकळेपणाने, पिवळे बेताने, लाल क्वचित. सहा वर्षांच्या मुलालाही ती कळते. पण त्यांचे खरे काम वेगळे आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांचे त्यांनी तीन गट केले. आहार, व्यायाम, सवयी यांचे शिक्षण तिन्ही गटांना सारखेच. फरक एवढाच की एका गटात आई किंवा वडील आणि मूल दोघांनीही सवयी बदलल्या व वजन घटवले तर शाबासकी, दुसऱ्यात फक्त मुलाने, तिसऱ्यात यावर भरच नाही. दहा वर्षांनी, १९९० मध्ये निकाल आला. उंची-वयाच्या मानाने जास्त असलेल्या वजनाचे प्रमाण पहिल्या गटात सुरुवातीपेक्षा ७.५ टक्क्यांनी घटले होते. दुसऱ्या गटात ते ४.५ टक्क्यांनी आणि तिसऱ्यात १४.३ टक्क्यांनी वाढले होते. लहानपणी केलेल्या उपचाराचा परिणाम दहा वर्षे टिकला, हे या क्षेत्रात फार क्वचित दिसते.

इस्रायलच्या मोरिया गोलान आणखी पुढे गेल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६० मुले होती. निम्म्या कुटुंबांत मुलांना बोलावून आहार शिकवला. उरलेल्यांत मुलाला दवाखान्यात आणलेच नाही, फक्त पालकांना बोलावले. वर्षभरात दुसऱ्या गटातल्या मुलांचे वजन अधिक उतरले आणि मध्येच सोडून जाणारेही त्यात कमी होते. मला यातली एक गोष्ट विशेष आवडते. त्या मुलांना 'तू लठ्ठ आहेस, तुला उपचार हवेत' असे कुणी म्हटलेच नाही.

त्याची किंमत काय असते, हे सिंगापूरकडे पाहिले की कळते. १९९२ मध्ये तिथल्या शाळांत 'ट्रिम अँड फिट' नावाची मोहीम सुरू झाली. जाड मुलांना वेगळे काढून मधल्या सुट्टीत किंवा शाळेनंतर व्यायाम करायला लावत. लठ्ठ मुलांचे प्रमाण कमी झाले, हे खरे. पण मोहिमेची इंग्रजी आद्याक्षरे उलटी वाचली की 'फॅट' होते, हे मुलांच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागणार? चिडवणे आणि लाज यांबद्दलच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या आणि २००७ मध्ये ती मोहीम बंद करून सर्वच मुलांसाठी आरोग्याचा कार्यक्रम आणावा लागला.

आजी-आजोबांचा चीन

न्यूयॉर्कमधल्या त्या घरांची कथा अर्ध्या शतकानंतर चीनमध्ये फार मोठ्या प्रमाणावर घडली. १९५९ ते १९६१ या काळातल्या दुष्काळात तिथे कोट्यवधी माणसे अन्नावाचून मेली. १९८० पासून एका जोडप्याला एकच मूल हे धोरण आले. म्हणजे दोन आईवडील, चार आजी-आजोबा आणि ताटासमोर एक मूल. १९८७ मध्ये बीजिंगला तळलेल्या कोंबडीचे पहिले अमेरिकन दुकान उघडले. आईवडील दोघे कामावर, त्यामुळे मुलाचे खाणेपिणे त्या पिढीच्या हाती, जिने स्वतः भूक पाहिली होती. २०२० च्या सरकारी अहवालानुसार चीनमध्ये ६ ते १७ वर्षांच्या मुलांत जादा वजन आणि लठ्ठपणा मिळून १९ टक्के आहेत.

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्वांगझू आणि हची या दोन चिनी शहरांत घरच्यांशी, शिक्षकांशी बोलून २०१५ मध्ये याचा अभ्यास मांडला. मुख्यतः आजी-आजोबांनी सांभाळलेली मुले लठ्ठ असण्याची शक्यता जास्त होती. जाड मूल म्हणजे निरोगी आणि नीट सांभाळलेले मूल, असे अनेक आजी-आजोबांना वाटत होते. घरकामातूनही नातवंडांना सूट होती. 'गुटगुटीत', 'बाळसेदार' हे शब्द कौतुकाने वापरणाऱ्या आपल्याला यात परके काय वाटणार?

याच गटाने मग आजी-आजोबांना दोष देत न बसता त्यांना उपचारात घेतले. ग्वांगझूच्या ४० प्राथमिक शाळांतल्या सुमारे १,६४० मुलांपैकी निम्म्या शाळांत वर्षभर शाळेचे जेवण सुधारले, रोजचा खेळ वाढवला आणि आईवडिलांबरोबर आजी-आजोबांसाठीही वर्ग घेतले. २०१९ मध्ये निकाल आला. वजनातला फरक माफक होता, पण खरा होता. भाज्या-फळे वाढली, पडद्यासमोरचा वेळ घटला. त्यानंतर बीजिंग, चांगझी आणि उरुमची इथल्या २४ शाळांत झालेल्या अशाच एका प्रयोगातही, ज्यात गोड पेये बंद करणे हा एक ठळक मुद्दा होता, २०२१ मध्ये चांगला परिणाम दिसला. २०२४ मध्ये चीन सरकारने मुलांच्या लठ्ठपणासाठी आहाराची मार्गदर्शिका काढली. तिच्यात चिनी वैद्यकाप्रमाणे मुलांच्या प्रकृतीचे प्रकार आणि त्यानुसार खाद्यपदार्थ आहेत, प्रांताप्रांताच्या पाककृती आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरपासून बीजिंगच्या शाळांत दोन तासांमधली सुट्टी १० मिनिटांवरून १५ मिनिटांची झाली, मुलांनी वर्गाबाहेर पडावे म्हणून.

बिया लावायच्या की नाही?

मुलांमध्ये कानावरच्या बिया आणि तुइना यांच्या चाचण्या झाल्या आहेत, बहुतेक चीनमध्ये. त्या लहान आहेत. बहुतेकांत बियांबरोबर आहार आणि व्यायामही होता आणि कुणाला काय मिळते आहे हे घरच्यांना कळत होते. त्यामुळे फायदा बियांचा की आठवड्याला कुणीतरी येऊन वजन विचारण्याचा, हे वेगळे काढता येत नाही. बिया एकट्याने मुलांचे वजन उतरवतात, असे मी तुम्हाला सांगू शकत नाही. धोका फारसा नाही. पट्टीने खाज, क्वचित जखम होऊ शकते आणि घरात लहान भावंड असेल तर बी नाकात-घशात जाण्याचे भय असते. मुलांना सुया टोचून घेणे किंवा त्वचेखाली धागे पुरणे यासाठी मात्र माझी परवानगी नाही. तुइनाचे म्हणाल तर रोज दहा मिनिटे मुलाच्या पाठीवरून हात फिरवायला कुठल्याच डॉक्टरची हरकत नसावी, फक्त त्याने वजन उतरेल अशी अपेक्षा धरू नका.

बियांच्या पाकिटावर जाणारे पैसे आणि मुख्य म्हणजे तेवढा उत्साह घराच्या ताटावर खर्च करा. घरात बिस्किटांचे पुडे आणि शीतपेयांच्या बाटल्या आणायच्याच नाहीत, म्हणजे मुलाला 'तुला नाही' म्हणावे लागत नाही. नियम मुलाला एकट्याला नको, बाबांनाही हवा. आजी-आजोबांना पुढच्या भेटीला बरोबर आणा, त्यांना दटावण्यासाठी नाही, तर दुपारचे चार ते सातचे खाणे त्यांच्याच हातात असते म्हणून. हे काम एका भेटीत होत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तासांचे समोरासमोर मार्गदर्शन सुचवले आहे. त्याच मार्गदर्शिकेत तीव्र लठ्ठपणा असलेल्या मोठ्या मुलांसाठी औषधे व शस्त्रक्रियेचाही विचार आहे. ज्याला त्यांची खरेच गरज आहे, त्याने लाजू नये.

आणि येताना शाळेच्या प्रगतिपुस्तकातली किंवा दाराच्या चौकटीवर खुणा केलेली मुलाची मागच्या दोन-तीन वर्षांची उंची लिहून आणा. वजन वाढते आहे आणि उंचीही छान वाढते आहे, तर ग्रंथींच्या महागड्या तपासण्यांची घाई नसते. वजन वाढते आहे पण उंची थांबली आहे, तर त्या मुलाला मी त्याच दिवशी तपासण्यांसाठी पाठवतो.